जाता जाता एक विचारू का, डॉक्टर?

ताप, खोकला आणि पोटदुखी तपासता तपासता फॅमिली डॉक्टर अख्खे घर तपासत असतात. दवाखान्यातल्या त्या छोट्याशा खोलीत हसण्यासारखे रोज काही ना काही घडते. पण खरे दुखणे पुष्कळदा खुर्चीत बसून नव्हे, तर निघताना दाराशी सांगितले जाते.

बिरबलाच्या नावावर सांगितली जाणारी एक गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. बादशहाने विचारले, "आपल्या राज्यात सर्वांत जास्त लोक कोणता धंदा करतात?" कोणी शेती म्हणाले, कोणी व्यापार. बिरबल म्हणाला, "वैद्यकी!" दुसऱ्या दिवशी तो गालाला फडके बांधून कण्हत कण्हत दरबारात निघाला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्याला एकेक औषध सांगितले. कोणी लवंग धरायला सांगितली, कोणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कोणी हळदीचा लेप. शेवटी खुद्द बादशहानेही एक उपाय सुचवला आणि बिरबलाने वैद्यांच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर लिहिले.

बादशाही गेली, पण ती यादी वाढतेच आहे. शेजारच्या काकू, ऑफिसातले सहकारी, औषधाच्या दुकानातला मुलगा आणि मोबाइलवर येणारे आरोग्यविषयक निरोप, एवढ्या सर्वांकडून तपासून झाल्यावर रोगी डॉक्टरांकडे पोहोचतो. त्यामुळे "मला काय झाले आहे?" हे त्याचे पहिले वाक्य नसतेच. "डॉक्टर, मला पित्त झाले आहे, एक चांगली गोळी लिहून द्या," असे तो सांगतो. म्हणजे निदान झाले, उपचारही ठरला. डॉक्टरांकडे उरले फक्त अक्षर काढायचे काम, आणि नेमके त्याच कामात ते बदनाम आहेत!

वैद्यांची चेष्टा आपल्याकडे जुनीच आहे. एका संस्कृत सुभाषितकाराने तर वैद्याला यमाचा भाऊ ठरवले आहे. यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राणांबरोबर पैसेही नेतो, अशी त्याची तक्रार. पण मनमोकळी चेष्टा आपण आपल्या माणसाचीच करतो. फॅमिली डॉक्टर हा तसा आपला माणूस. आजोबांचा दमा, सुनेचे बाळंतपण आणि नातवाचे पडलेले दात, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते.

'आतला' ताप

"ताप किती होता?" असे डॉक्टरांनी विचारले की बहुतेक घरांतून एकच उत्तर येते, "मोजला नाही, पण हात लावला तर चटका बसत होता." मोजला असेल आणि पारा चढलेला नसेल, तरी समाधान होत नाही. "थर्मामीटरमध्ये येत नाही हो, पण आत ताप आहे." हा आतला ताप वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. मराठी घरात मात्र तो पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे. कणकण, कसर अशी त्याची लाडकी नावेही आहेत.

दुसऱ्या टोकाला ९८.८ पाहूनच घाबरणारे लोक असतात. ९८.६ हा आकडा आला तरी कुठून? कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी हजारो रोग्यांच्या नोंदी घेऊन १८६८ साली ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी मांडली. फॅरनहाइटमध्ये तेच ९८.६ होतात. पण सरासरी म्हणजे ब्रह्मदेवाने आखलेली रेघ नव्हे. निरोगी माणसाचे अंग पहाटे थोडे थंड आणि संध्याकाळी थोडे गरम असते. तेव्हा मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, हसत असेल, तर दर दहा मिनिटांनी त्याच्या काखेत थर्मामीटर खुपसण्याचे कारण नाही. तीन महिन्यांहून लहान बाळाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला १००.४ किंवा त्याहून अधिक ताप आला तर घरगुती उपायात वेळ न घालवता तडक डॉक्टर गाठावा.

रक्तदाबाचीही अशीच गंमत. काही जणांचा रक्तदाब घरी अगदी शहाण्यासारखा वागतो आणि दवाखान्यात आला की उसळतो. पांढरा कोट पाहून होणाऱ्या या वाढीला डॉक्टरी भाषेत नावही त्या कोटाचेच आहे. हल्ली बऱ्याच फॅमिली डॉक्टरांनी कोट सोडून दिला, तरी रक्तदाब वाढतोच. बहुधा आता तो बिलाच्या विचाराने वाढत असावा! खरा आकडा हवा असेल तर आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी किंवा तंबाखू घेऊ नये, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे आणि मोजताना बोलू नये. शेवटची अट पाळणे अनेकांना जड जाते.

सुई हवीच!

"एवढ्या लांबून आलो आणि नुसत्या गोळ्या?" हा प्रश्न खेड्यातल्या दवाखान्यातही ऐकू येतो आणि शहरातल्याही. सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. जो डॉक्टर दोन शब्दांत धीर देऊन परत पाठवतो तो 'साधा', आणि जो आल्या आल्या इंजेक्शन देतो तो 'हुशार'! वास्तविक जे औषध तोंडावाटे घेऊन काम भागते ते उगाच टोचून घेण्यात फायदा नाही. उलट नीट निर्जंतुक न केलेल्या सुईतून 'ब' आणि 'क' प्रकारच्या काविळीचे विषाणू पसरू शकतात.

सुईहून मोठा मान सलाईनला. "फार अशक्तपणा आहे, एक बाटली चढवा," अशी फर्माइश हॉटेलातल्यासारखी येते. त्या बाटलीत असते काय? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे साधारण पाच चमचे, जेमतेम शंभर कॅलरी. एका मोठ्या पोळीत तेवढी ताकद मिळते, शिवाय ती खायला सुई लागत नाही. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत तर साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणीच असते. ज्याला तोंडाने काही घेता येत नाही, ज्याचे पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत कमी झाले आहे, त्याच्यासाठी हीच बाटली जीव वाचवते. पण परीक्षेनंतर दमलेल्या मुलासाठी ती नाही.

तोंडाने घेतलेले मीठ-साखरेचे पाणी काय करू शकते, हे साऱ्या जगाने १९७१ साली पाहिले. बांगलादेश मुक्तीच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. रोग्यांच्या आयाबहिणींनीच ते पाणी पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी हीच त्यांची खरी आठवण. ती जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. हे माप मात्र अंदाजपंचे धरू नये.

बिस्किटांच्या डब्यातला दवाखाना

जवळजवळ प्रत्येक घरात बिस्किटांचा एक जुना डबा असतो आणि त्यात बिस्किटे सोडून सगळे असते. अर्धवट संपलेली खोकल्याची बाटली, नाव फाटलेली पट्टी आणि "मागच्या वेळी उरलेल्या" दोन अँटिबायोटिक गोळ्या. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेले असते, तिसऱ्या दिवशी बरे वाटते, मग काटकसरी गृहिणी उरलेल्या गोळ्या जपून ठेवते. पुढच्या महिन्यात सासूबाईंना सर्दी झाली की त्या बाहेर निघतात. अन्न वाया घालवू नये, हा संस्कार चांगलाच. पण तो गोळ्यांना लावला की घोटाळा होतो.

सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही. सर्दी औषध घेतल्यावर सात दिवसांत आणि न घेतल्यावर एका आठवड्यात बरी होते, हा विनोद डॉक्टर उगाच सांगत नाहीत. पण अर्धवट आणि अवेळी घेतलेल्या अशा गोळ्यांनी जंतू मात्र सराईत होतात. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लागला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात त्यांनीच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना त्या औषधाला तोंड द्यायला शिकवतो. म्हणजे आपण जंतूंची शिकवणी घेतो आणि फीही आपणच भरतो!

भारतात २०१४ सालापासून काही महत्त्वाची अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधे 'एच-१' या वेगळ्या यादीत आली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. पण घरातल्या डब्याला कोणताच कायदा लागू होत नाही. तो आपणच आवरायला हवा.

लाल औषध आणि गुळाचा चहा

पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर नावाचे एक महत्त्वाचे गृहस्थ असत. बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून ते डोस दाखवत आणि तिच्यात लाल औषध भरत. ते पोटात जाण्याआधीच, "डॉक्टरांचे औषध आणले" एवढ्यानेच अर्धे दुखणे पळत असे. या विश्वासाच्या परिणामाला वैद्यकात 'प्लासिबो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी खूश करीन' असा आहे. काही औषधे रसायनाने काम करतात, तर काही डॉक्टरांच्या आवाजाने.

पण हा आवाज पथ्याच्या बाबतीत हमखास कमी पडतो. मधुमेहाच्या रोग्याशी होणारा संवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो.

"काका, गोड बंद केले ना?"

"एकदम बंद! साखरेला हात लावत नाही."

"मग रिपोर्टमध्ये साखर एवढी कशी?"

"काय की! चहासुद्धा गुळाचाच घेतो."

तेवढ्यात काकू मागून पुरवणी जोडतात, "आणि परवा मुंजीत चार जिलब्या खाल्ल्या, ते सांगा की!" गूळ नैसर्गिक असला तरी रक्तातली साखर तोही वाढवतोच. पण खरा मुद्दा काकूंच्या पुरवणीचा आहे. प्रयोगशाळेत जे कळत नाही ते घरचे माणूस सांगते, म्हणून अनुभवी डॉक्टर रोग्याइतकेच त्याच्याबरोबर आलेल्या माणसाकडेही लक्ष ठेवतात.

डॉक्टरांची सुटका दवाखान्याबाहेरही होत नाही. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचा पहिला घास घेताना शेजारचा पाहुणा तोंड उघडून दाढ दाखवतो. भाजी घेताना कोणीतरी पायावरचा चट्टा पुढे करतो. आता तर सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर जिभेचे फोटो आलेले असतात, सोबत 'सुप्रभात' आणि गुलाबाचे फूल. २०२० साली दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम देशात आले आणि त्याची सोयही झाली. पण पोट दाबून बघण्याची सोय अजून मोबाइलमध्ये आलेली नाही.

ज्या ठिकाणी हसू थांबते

"काही नाही हो, गॅस झालाय." दवाखान्यात ऐकू येणाऱ्या वाक्यांपैकी डॉक्टरांना सर्वांत जास्त भीती या वाक्याची वाटते. छातीवर दडपण आलेले असते, दरदरून घाम फुटलेला असतो, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असते. तरीही घरात ओवा, सोडा आणि पाठीवर चोळणे असे प्रयोग दोन तास चालतात. हृदयविकाराच्या झटक्यात पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. तेच या प्रयोगांत जातात. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना तर कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसती धाप लागते, मळमळते, कमालीचा थकवा येतो. अशा वेळी चुकून खरोखरच गॅस निघाला तर डॉक्टर रागावत नाहीत, आनंदाने घरी पाठवतात. देशातल्या बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे.

दाराशी सांगितलेला आजार

आता त्या दाराशी येऊ. मुलाला खोकला आहे म्हणून आई त्याला घेऊन येते. तपासणे होते, औषध लिहून होते. ती उठते, पर्स काखेत अडकवते, मुलाचे बोट धरते, दरवाजा अर्धा उघडते आणि वळून म्हणते, "जाता जाता एक विचारू का, डॉक्टर? तसे काही विशेष नाही..."

हे 'विशेष नाही' फार विशेष असते. स्तनाला लागलेली गाठ, पाळी बंद होऊन दोन वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावर जाणे, रात्र रात्र झोप न लागणे, सारखे रडू येणे, अशा गोष्टी उंबरठ्यावर सांगितल्या जातात. परदेशातल्या डॉक्टरांनाही हा अनुभव इतका ओळखीचा आहे की त्यांनी अशा बोलण्याला दाराच्या मुठीचे नाव दिले आहे. तिकडे संकोच असतो, आपल्याकडे संकोचाच्या जोडीला घरचे काम असते. पोळ्या लाटायच्या आहेत, मुलाचा अभ्यास आहे, सासऱ्यांची औषधाची वेळ झाली आहे. बाईचे दुखणे घराच्या वेळापत्रकात बसतच नाही. मग ते मुलाच्या खोकल्याबरोबर, त्याच फीमध्ये, चोरपावलांनी दवाखान्यात येते.

संकोचाने वैद्यकाला एकदा मोठे देणेही दिले आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरांपुढे हृदयाचे दुखणे असलेली एक तरुण स्त्री आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्या छातीला कान लावणे त्यांना अवघड वाटले. म्हणून त्यांनी कागदांची गुंडाळी करून तिचे एक टोक छातीवर आणि दुसरे कानाला धरले, तर ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. त्या गुंडाळीतून पुढे स्टेथस्कोप जन्मला. डॉक्टरच्या संकोचातून एक उपकरण निघाले. रोग्याच्या संकोचातून मात्र फक्त उशीर निघतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे घराघरात जिना चढताना धापा टाकणारी कोणीतरी आहे आणि "वय झाले आता" असे म्हणून ती पस्तिशीतच गप्प बसते आहे. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण हे तपासल्यावरच कळते. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तो दाखवायलाच हवा. सतत उदास वाटणे हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. २०२२ पासून सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

पुरुषांचेही 'जाता जाता' असते, पण ते वेगळ्या प्रकारे येते. "माझ्या एका मित्राला असे होते..." असे सुरू झाले की डॉक्टर ओळखतात आणि तो मित्र समोरच बसला आहे हे न दाखवता त्याला औषध देतात.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना

• पित्त, गॅस, कसर ही नावे बाजूला ठेवून काय होते, कधीपासून होते, एवढेच सांगा.
• घेत असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या बरोबर न्या. 'ती पांढरी, गोल गोळी' म्हटल्यावर डॉक्टरांना काही कळत नाही, पांढऱ्या गोल गोळ्या शेकड्यांनी आहेत.
• काढे, चूर्णे, दुसऱ्या डॉक्टरांची औषधे लपवू नका.
• चिठ्ठी वाचता आली नाही तर तिथेच विचारा. औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ साली झाला आहे.
• ज्याची लाज वाटते, ते सर्वांत आधी सांगा.

डॉक्टरांनाही कोणी विचारावे

१ जुलै हा दिवस आपल्याकडे १९९१ पासून डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बिधानचंद्र रॉय १८८२ मध्ये याच दिवशी जन्मले आणि १९६२ मध्ये याच दिवशी गेले. १९४८ पासून अखेरपर्यंत ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, पण रोगी तपासणे त्यांनी सोडले नाही. राज्याचा कारभार एकीकडे आणि लोकांच्या नाड्या एकीकडे! त्यांच्या तोडीचे डॉक्टर प्रत्येक गल्लीत असणे शक्य नाही, पण नाव आणि घर ओळखणारा एक डॉक्टर प्रत्येक कुटुंबाला असणे शक्य आहे. मोठ्या रुग्णालयात गुडघ्याचा डॉक्टर गुडघा पाहतो आणि पोटाचा डॉक्टर पोट. तो गुडघा रोज चार जिने चढून पाणी भरतो, हे ठाऊक असते फॅमिली डॉक्टरांना. कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे आणि कुठे जायची गरज नाही, हे सांगणाराही तोच असतो.

डॉक्टरांना स्वतःला सर्दी झाली तर रोगी हसतात, "तुम्हालाही होते का?" होते. रक्तदाबही होतो, झोपही उडते, मुलाच्या शाळेचा कार्यक्रमही चुकतो. बाहेर खोकणाऱ्यांची रांग असते, तरी दाराशी थबकलेल्या बाईला चांगला डॉक्टर "उद्या या" म्हणत नाही. "मावशी, आत या, बसा, सांगा," एवढे तो म्हणतो आणि घड्याळ उलटे ठेवतो. आपणही एवढे करू या, त्याला दाराशी थांबवायचेच नाही. खोकला मुलाचा असो की नवऱ्याचा, आपले दुखणे आधी काढायचे आणि खुर्चीत बसूनच सांगायचे. दाराशी मग विचारायला एकच गोष्ट उरेल, "डॉक्टर, जेवलात का?"